असं यंत्र इथे नाही

सोमवार, ४ मे

आज डॉक्टर लोसालिनींनी सेरेइमाचा पाय पडद्यावर अगदी जवळून पाहिला. लॅपटॉप उचलून तिच्या अंगठ्यापाशी धरता धरता माझे हात भरून आले, आणि ही बया पलंगावर आडवी पडून म्हणते, "दाउवे, कॅमेरा जरा तोंडाकडे पण आण की. नुसते पाय बघून डॉक्टरांचं माझ्याबद्दल काय मत होईल?" माझ्या नवऱ्याची थोरली बहीण ती. नणंदेला आणि भावजयीला आमच्याकडे एकच शब्द, दाउवे, त्यामुळे टोमण्यांचा हक्कही दोघींना सारखा. ती तो सोडत नाही आणि मीही नाही.

जखम भरते आहे, पण गोगलगाईच्या चालीनं. साखरेनं पोखरलेल्या पायाला घाई नसते. डॉक्टर म्हणाल्या, "उनाइसी, आठवड्यातून दोनदा मला हा पाय असा दिसत राहिला तर मी सुरी काढणार नाही. दिसायचा बंद झाला तर मात्र अंदाजावर थांबणार नाही. पहिल्या बोटीनं तिला सुव्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचं." सेरेइमानं पाय मागे ओढून घेतला. आमच्या किनाऱ्यावरून असे बोटीत बसून गेलेले लोक कुबड्या घेऊन परत आले आहेत. आणि ही तर ओहोटीला प्रवाळाच्या खडकांवर उभी राहून मासे धरणारी बाई. एका पायावर तिथे कुणी उभं राहत नाही.

दुपारी तिचा मुलगा एमोसी खाडीपलीकडून आला. तिकडे त्यानं गोऱ्या पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यात. पाहुणे समुद्रात डुंबतात आणि बाहेर आले की नेट नीट चालत नाही म्हणून कुरकुरतात, असं सांगत होता. आईला भेटून झाल्यावर यांगोनाची, म्हणजे आमच्या नशेच्या पेयाची, मुळी घेऊन तो मामापुढे बसला. मी लशी द्यायला वरच्या वाडीत गेले होते. परत आले तर दोघं आरोग्यकेंद्राच्या पायरीवर, भाचा खूष आणि मामा जरा गप्प. यांगोना जास्त झाली असणार.

गुरुवार, ७ मे

नेट नाही.

लॅपटॉप उघडतो, लिनक्सचा पेंग्विन येतो, घड्याळ बरोबर आहे, आणि कोपऱ्यात जिथे रेघांचा पंखा दिसायचा तिथे फुली. डॉक्टर तिकडे वाट बघत बसल्या असतील. इकडे सेरेइमा पट्टी सोडून, पाय धुऊन, नवरीसारखी तयार.

छपरावरची तबकडी ठीक आहे, तिच्या डब्याचे दिवेही लागलेत. लॅपटॉपचं स्वतःचं वायफाय खाऱ्या हवेनं केव्हाच खाल्लंय, म्हणून ब्रिस्बेनहून आलेल्या त्या स्वयंसेवकानं जुन्या यंत्रावर लिनक्स चढवलं तेव्हाच कडेला अंगठ्याएवढी काळी काडी खोचून दिली होती. तीही जागेवर आहे. तिचा दिवा लुकलुकतोय, हिरवा. आधी निळा होता की काय असं मला उगीचच वाटलं, पण रोज दिवे कोण बघत बसतं?

नवऱ्याला, वाइसालेला, विचारलं, कुणी हात लावला का याला? केंद्राच्या सौर बॅटऱ्या तो सांभाळतो, किल्ली त्याच्याकडेच असते. तो म्हणाला, "जसं होतं तसं आहे. त्यातलं काही कमी झालेलं नाही." आणि पाणी भरायला गेला. पिंप भरलेलंच होतं.

माझा संशय पालीवर आहे. या केंद्रात जे जे बिघडतं त्याच्या मुळाशी पाल असते.

शुक्रवार, ८ मे

आमच्या गावात फोन लागतो तो फक्त पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर, आणि तिथेही नुसतं बोलणं जातं. फोटो पाठवायला गेलं की चक्र फिरत राहतं. लॅपटॉप वर न्यावा तर त्याची बॅटरी मेलेली, भिंतीतल्या वायरीशिवाय तो डोळा उघडत नाही. म्हणजे यंत्र खाली आणि अक्कल वर.

अक्कल म्हणजे शलविन. सुव्याला आरोग्य खात्याची सगळी यंत्रं तोच बघतो. आवाज कोवळा आहे, पण मागून त्याची स्वतःची पोरं रडताना ऐकू येतात.

"सिस्टर, आधी एक सांगा. यंत्राला शिव्या दिल्यात का?"

"थोड्या."

"मग खाली जाऊन माफी मागा आणि मी सांगतो ते टाइप करा. आय, पी, मोकळी जागा, लिंक."

पेन होतं, कागद नव्हता. हातावर लिहून घेतलं, उतरले, टाइप केलं. नावांची यादी आली. त्यात एक लांबलचक नाव, डब्ल्यू-एल-एक्स आणि पुढे आकडे-अक्षरांचं शेपूट. तो ब्रिस्बेनवाला म्हणाला होता, लिनक्स या काडीला तिच्या पोटातल्या क्रमांकावरून नाव देतं, आणि तो क्रमांक ती जन्माला येतानाच घेऊन येते. माझ्यासाठी ते नाव त्यानं झाकणावर ठसठशीत अक्षरांत चिकटवूनही ठेवलंय. पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी. अर्ध्यापर्यंत झाकणाशी ताडून पाहिली, जुळत होती, मग झाकणावरचंच हातावर उतरवलं आणि पुन्हा टेकडी चढले.

"झाकणावर आहे तेच नाव ना?"

"तेच."

"माझ्याकडच्या नोंदीतही हेच आहे. आणि यादीत त्याच्यापुढे काय लिहिलंय?"

"डाउन."

"छान. म्हणजे काडी आहे, फक्त झोपलीय. मधे काही बदललं का, सिस्टर? नवं काही जोडलं, जुनं काढलं?"

मी ठामपणे नाही म्हटलं. त्या डब्याला सुव्यात नोंदलेल्या यंत्राशिवाय दुसरं कुणी चालत नाही, नाहीतर सगळं गाव त्यावर रग्बी बघत बसलं असतं. आमच्याकडे बदलणार काय?

रविवार, १० मे

आज कामाचं नाव नाही. मातृदिन. पास्टरांनी आयांवर लांबलचक प्रवचन दिलं, ते ऐकत आया भुईवर बसल्या आणि त्यांची पोरं मागे बसून डुलक्या काढत होती.

एमोसी आईसाठी नारळाच्या दुधातला मासा घेऊन आला. जेवताना स्वारी भलतीच फुशारली होती. "नेई," मामीला तो असंच म्हणतो, "तुमचं नेट बंद आहे म्हणे. माझं बघा, घोड्यासारखं पळतंय. पाहुण्यांनी चार दिवस मुक्काम वाढवला." मी म्हटलं, तुला रे काय जादू सापडली? त्यानं मामाकडे बघितलं. वाइसालेला नेमका तेव्हा काटा अडकला. पाठीत चार थापा मारल्यावर गेला.

मंगळवार, १२ मे

काल सबंध दिवस बाळंतपणात गेला, मुलगी झाली, दोघी ठीक. आज पुन्हा टेकडी.

आजचा हुकूम असा, की काडीला नावानं हाक मारून उठवायचं. झाकणावरचं नाव एकेक अक्षर करून टाकलं. उत्तर आलं, असं यंत्र इथे नाही. काडी डोळ्यांसमोर आहे, दिवा लुकलुकतोय, आणि हा पेंग्विन खुशाल सांगतो की असं यंत्र इथे नाही. आमच्या शाळेतली पोरंसुद्धा इतकं धडधडीत खोटं बोलत नाहीत.

वर गेले. शलविन म्हणाला, अक्षर चुकलं असेल. खाली आले, पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. वर गेले. शलविन म्हणाला, काडी काढून पुन्हा खोचा. खोचली. पुन्हा तेच. चौथ्यांदा वर गेले तेव्हा टाकीवरच्या बगळ्यानंही माझ्याकडे कंटाळून बघितलं.

सेरेइमाची पट्टी मात्र रोज बदलते आहे. नेट असो नसो, जखमेला सुट्टी नाही. आज कडेला थोडा ओलावा जास्त वाटला. वास नाही. पण मी काही डॉक्टर नाही, आणि मला जे वाटतं त्यावर कुणी पाय ठेवत किंवा कापत नाही.

संध्याकाळी माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. वाइसालेनं खोबरेल गरम केलं आणि न सांगता पाय चेपले. परवापासून सरपणही तोच फोडतोय. काल माझ्यासाठी मुद्दाम खडकातला मासा धरून आणला. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही बुद्धी आता सुचतेय. उतारवयात पुरुष मवाळ होतात म्हणतात ते खरं असावं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

सेरेइमाला सांगितलं तर म्हणते, "पुरुष इतका गोड वागायला लागला की मी आधी घरातल्या वस्तू मोजते." हिला दुसऱ्याचं सुख बघवत नाही.

गुरुवार, १४ मे

डॉक्टरांशी टेकडीवरून बोलले. जखमेचं वर्णन केलं, लांबी, रुंदी, रंग, ओलावा. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "तू चांगली नर्स आहेस, उनाइसी. पण गुलाबी म्हणजे कुठला गुलाबी, ते मला फोनवर दिसत नाही. एकवीसची बोट आहे ना? त्यात तिला बसव. मी खाट राखून ठेवते." मी विचारलं, कापणार का? त्या म्हणाल्या, "बघितल्याशिवाय सांगत नाही. पण इतके दिवस गेल्यावर मी धोका पत्करणार नाही."

मग शलविन. त्याचंही डोकं चालेनासं झालंय. म्हणाला, "सिस्टर, दिवा लागतो पण काडी आतून मेलीय, एवढाच अर्थ निघतो. मी नवी काडी पाठवतो."

"कशी?"

"एकवीसच्या बोटीनं."

ज्या बोटीतून काडी उतरणार त्याच बोटीत सेरेइमा चढणार. बोट आमच्यासमोर उभी राहते ती सामान उतरवून माणसं घेईपर्यंत, पुढची पंधरा दिवसांनी.

खाली येऊन सेरेइमाला कसं सांगावं याचा विचार करत होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तोंड का असं पाडलंस? पाय माझा जायचाय."

शनिवार, १६ मे

दोन दिवस ती जाणार नाही म्हणून अडून बसली होती. आज आपणहून तयार झाली. चर्चच्या गाण्यात सुरुवातीचा सूर तीच धरते, तो आज तिनं शेजारच्या अतेचाला शिकवला. अतेचाचा आवाज कोंबडीसारखा आहे, सेरेइमा तिला तसं म्हणालीसुद्धा, आणि तरी पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होती. ते बघून मला कळलं की ही परत आल्यावर गाणार नाही असं धरून चालली आहे. पाय आणि गळा यांचा काय संबंध? पण तिच्या मनात तो आहे.

वाइसालेला मी हे सगळं सांगितलं. वयात आल्यापासून बहीणभाऊ एकमेकांशी थेट बोलत नाहीत, मान म्हणून. गावातली सगळीच भावंडं तशी. त्याचा शब्द तिला पोचवायचा तो मी आणि तिचा त्याला आणायचा तोही मी, मग दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना का बसलेली असेनात. तो जेवला नाही. बाहेर जाऊन फोडलेलंच सरपण आणखी बारीक करत बसला.

मला भीती वाटते. इथे लिहिते म्हणून, कुणाला सांगणार नाही. त्या काडीचा माग काढताना मी रोज वाटते तितकी शहाणी नव्हते, कुठेतरी काहीतरी माझ्या नजरेतून सुटलंय. काय ते कळत नाही. देवा, माझ्या आळसाची शिक्षा तिच्या पायाला नको.

मंगळवार, १९ मे

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहिते, नाहीतर राग आणि हसू यांची खिचडी होईल.

सकाळी केंद्रात सेरेइमाची बांधाबांध चालली होती. सुव्याच्या लेकीसाठी चटया, सुकवलेला मासा, तारोच्या कंदांची पोतडी. इतक्यात वाइसाले दारात आला. स्वच्छ धुतलेली सुलू नेसून, हातात यांगोनाची जुडी. दाराबाहेर जमिनीवर बसला, आमच्याकडे पाठ करून, आणि जुडी पुढे ठेवून ओंजळीच्या तीन टाळ्या वाजवल्या. माफी मागायला असं बसतात. मला वाटलं, कुणीतरी गेलं.

"उनाइसी," तो म्हणाला, "तिला सांग, मी तिचा अपराधी आहे."

सेरेइमा म्हणाली, "दाउवे, त्याला सांग, मी पायानं अधू आहे, कानानं नाही. पुढे बोल म्हणावं."

"तिला सांग, त्या सोमवारी एमोसी आला होता. त्यानं काडी मागितली."

"कुठली काडी?" हे मी विचारलं.

"लॅपटॉपची. तुझी काडी दूरवरचं पकडते, त्याची पकडत नाही, असं म्हणाला. वासू आहे तो, बहिणीचा मुलगा. भाच्यानं मागितल्यावर मामानं नाही कसं म्हणायचं? पण सरकारी वस्तू, म्हणून मी म्हटलं, तुझी मला दे. त्याची हुबेहूब तशीच होती, त्याच कंपनीची, तीच काळी. ती खोचली. मला वाटलं, वल्ह्याच्या जागी वल्हं."

मी लॅपटॉपच्या कडेच्या त्या काडीकडे बघितलं.

"आणि तू पंधरा दिवस गप्प बसलास? मी टेकडी चढून चढून मेले, तू माझ्या पोटऱ्या चेपत गप्प बसलास?"

"दिलेल्या वस्तूचं नाव पुन्हा काढायचं नसतं," तो हळूच म्हणाला. "तुला माहीत आहे."

मला माहीत आहे. तीच तर पंचाईत. माझ्या बापानं भाच्याला अख्खी डुकरीण दिली होती आणि मरेपर्यंत ती चोरीला गेली असंच आम्हाला वाटत होतं. वासूला दिलं ते दिलं. ते बोलून दाखवलं की देणाऱ्याचं तोंड काळं आणि घेणाऱ्याचंही. वाइसाले मला म्हणाला होता, काही कमी झालेलं नाही. त्याच्या परीनं खरंच होतं ते, एक गेली, एक आली. पण तेव्हा आठवलं ते गरम खोबरेल, तो मासा, ते सरपण, आणि अशी चीड आली म्हणून सांगू. मी इथे उतारवयातल्या प्रेमावर पानं भरत होते, आणि माणूस पापक्षालन करत होता.

मी त्याला बरंच बोलले. लिहीत नाही. तो पाठमोरा ऐकत होता.

मग खाटेवरून हसू फुटलं. सेरेइमा पोट धरून हसत होती, पट्टीचा पाय उशीवर थडथडत होता. "म्हणजे माझ्या पोटच्या पोरानं माझा पाय पळवला," ती म्हणाली. "तरीच रविवारी मासा घेऊन आला होता." मग हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता गंभीर झाली. "दाउवे, त्याला सांग. गप्प बसला तो माझ्या मुलाची लाज राखायला, आणि तोंड उघडलं ते माझ्या पायासाठी. मी यांगोना घेतली. ऊठ म्हणावं आता, गुडघे दुखतात त्याचे."

तो उठला नाही लगेच. त्याचे खांदे हलत होते.

मी वाचायचा चष्मा लावला आणि झाकणाकडे ढुंकूनही न बघता पडद्यावरचं नाव एकेक अक्षर वाचत तळहातावर उतरवलं. पहिला अर्धा भाग झाकणावरच्या नावासारखाच. पुढचा अर्धा सगळा वेगळा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी अर्ध्यावर थांबले होते. पेंग्विन बिचारा रोज खरं सांगत होता, ज्याला हाक मारताय तो इथे नाहीच.

टेकडीवर पळत गेले. या वयात.

"शलविन, काडी बदललीय."

"काय? कुणी?"

"भाच्यानं मागितली, मामानं दिली."

पलीकडे पोरांचं रडणं ऐकू आलं. मग म्हणाला, "सिस्टर, आमच्या अभ्यासक्रमात हा बिघाड नव्हता."

"जुनी परत मागावी लागेल का? ते मला करता येणार नाही, वाइसालेला तर त्याहून नाही."

"कशाला मागायची? नव्या काडीचं पूर्ण नाव वाचा. झाकणावर लिहिलेलं नाही, पडद्यावरचं उतरवलेलं." वाचलं. त्यानं दोनदा परत वाचून दाखवलं. अर्धी नावं सारखी कशी, म्हणून मी विचारलं. तर म्हणे एकाच कंपनीच्या काड्यांचा पहिला अर्धा भाग सारखाच असतो, आडनावासारखा. "मी इथून तुमच्या डब्याला सांगतो की आता ही घरातलीच. तुम्ही खाली जाऊन एक करा. तुमच्या त्या ब्रिस्बेनवाल्यानं एका फायलीत जुनं नाव लिहून ठेवलंय. लॅपटॉप त्याच नावाच्या पाहुण्याची वाट बघत बसलाय आणि जी खरोखर दारात उभी आहे तिला आत घेत नाहीये. जुनं नाव पुसा, नवं लिहा."

हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत सगळं लिहून घेतलं. फाइल कशी उघडायची, कुठे थांबायचं, कशी जपून ठेवायची. खाली येऊन टाइप करायला बसले. सेरेइमा एकेक अक्षर माझ्या हातावरून मोठ्यानं वाचत होती, वाइसाले दाराबाहेरून तेच पुन्हा म्हणत होता, प्रार्थनेत म्हणतात तसं. शेवटचं बटण दाबलं. यादी मागवली. काडीपुढे डाउन होतं तिथे अप.

कोपऱ्यात पंखा उघडला. मी वाइसालेला मिठी मारली, मग आठवलं की मी त्याच्यावर रागावले आहे, मग म्हटलं जाऊ दे.

बुधवार, २० मे

डॉक्टर सकाळीच पडद्यावर आल्या. एवढ्या दिवसांनी त्यांच्यासमोर पट्टी सोडली. सेरेइमानं आज तोंडाकडे कॅमेरा मागितला नाही. डोळे मिटून पडली होती.

डॉक्टर पडद्याशी वाकल्या. जवळ आण म्हणाल्या. आणखी जवळ. कडेला दाबून दाखव. अंगठा हलव. टाचेकडून दाखव. मी त्यांचं तोंड बघत होते आणि त्यांचं तोंड अगदी कोरं होतं. माझ्या मनात आलं, इतकी धावपळ करून आपण वाईट बातमीच लवकर आणली की काय.

"ही पट्टी कोण बदलतंय?" त्यांनी विचारलं.

"मी. रोज."

"मधे एकदाही चुकवलं नाहीस?"

"नाही."

"दिसतंय," त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदा जरा मागे टेकल्या. "सेरेइमा, डोळे उघडा. कडेनं नवी कातडी येतेय. उद्याची बोट जाऊ दे. सोमवारी मला पुन्हा दाखवा, गुरुवारी पुन्हा. मी सुरी काढत नाही."

सेरेइमानं डोळे उघडले नाहीत. कानांकडे पाणी ओघळत होतं आणि तिनं ते पुसलंही नाही. मी तिचा हात धरला. माझा या बाईवर किती जीव आहे हे मला आज कळलं, आणि ते तिला कधीही कळू द्यायचं नाही असंही मी ठरवलं.

गुरुवार, २१ मे

बोट आली. शलविननं पाठवलेली नवी काडी उतरली, सोबत चिठ्ठी, की ही फक्त लॅपटॉपची, मामाची नाही. मी ती औषधांच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली. वाइसाले बघत होता.

सेरेइमाला चटया लेकीकडे पाठवायच्याच होत्या. पायाला पिशवी बांधून, काठी टेकत, माझ्याशी भांडत ती वाळूपर्यंत आली. पडाव सामान आणि माणसं घेऊन बोटीकडे गेला, रिकामा होऊन वर ओढला गेला, बोटीनं तोंड फिरवलं. तेवढ्यात वरच्या कुणीतरी तिला किनाऱ्यावर उभी बघितलं. आज सेरेइमा जाणार हे सगळ्या बेटाला माहीत होतं. बोटीवर आरडाओरडा झाला, इंजिन मंद झालं, पडाव पुन्हा खाली सोडायला लागले.

"नाही, नाही," सेरेइमा हात हलवत ओरडली. "जा तुम्ही. मी येत नाही." वारा आमच्याकडचा नव्हता. त्यांना वाटलं ती थांबा म्हणतेय. कप्तानानंही हात केला, थांबलोय, ये.

तिनं माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला, सुलू जरा वर धरली आणि तो पट्टीचा, पिशवीचा पाय उचलून सरळ पुढे केला. तसाच धरून ठेवला, सगळ्यांना दिसेपर्यंत. आधी एकच माणूस हसला, मग सगळी बोट ओरडायला लागली. पडाव वर गेला. भोंगा लांबवर दोनदा वाजला आणि बोट निघाली.

"आता ठेवू का खाली," ती मला म्हणाली, "की अजून कुणाला बघायचाय?"

मी म्हटलं, ठेव. तिनं तो वाळूवर ठेवला.